माझा खोकला आणि मामांचं नाक

सेलूत सिगार ओढणारे आम्ही एकूण चौघं. चौघंच, पण रविवारी दुपारी आम्ही पेटवलं की धूर असा निघायचा, की सिग्नल दिसेना म्हणून रेल्वेचा ड्रायव्हर गाडी गावाबाहेर उभी करायचा आणि खाली उतरून विचारायचा, काय जळायलंय? हे खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं खरं आहे, आणि ते सांगायच्या आधी मला अशी जरा हवा भरून घ्यावी लागते.

चौघांत पहिला शेठ. शेठची जिनिंग आहे. एका बाजूनं कापूस आत जातो, दुसऱ्या बाजूनं सरकी वेगळी, रुई वेगळी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि शेठचं पोट वाढतं. दुसरा दातांचा डॉक्टर. सहा दिवस पेशंटला सडक्या तोंडांचे फोटो दाखवून तंबाखू सोडायला लावायचा आणि सातव्या दिवशी आमच्यात येऊन बसायचा. तिसरे मामा. शेठच्या जिनिंगमधले ग्रेडर, म्हणजे मूठभर कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवणारा माणूस. सगळं मार्केट यार्ड त्यांना मामा म्हणायचं, म्हणून आम्हीही. चौथा मी. शाळेत भूगोल शिकवतो. ह्या शौकिनांत माझा शिरकाव झाला तो, निकाराग्वा नेमका कुठं आहे हे सेलूत मला एकट्यालाच ठाऊक होतं म्हणून.

सिगार यायचे शेठच्या दुबईच्या मेहुण्याकडून. पहिली पेटी आली तेव्हा आमच्यापैकी कुणीच सिगार जवळून पाहिलेला नव्हता. शेठनं पेटी उघडली, एक सिगार बोटात धरून दाबला, आणि जन्मभर जे केलं तेच केलं. कापसाचा ओलावा मोजायचं मशीन मागवलं आणि त्याच्या दोन सुया सिगारात खुपसल्या. काटा पार टोकाला जाऊन थरथरायला लागला.

"भिजवलेला माल हाय!" शेठ ओरडला. "वजन वाढवायला पाणी मारलंय. घरातला माणूस, अन् मला पाणी मारतो!"

एप्रिल चालू होता. आमच्याकडच्या एप्रिलात कावळे उडत नाहीत, सावली बघून पायी चालतात. शेठनं गच्चीवर ताडपत्री अंथरली आणि पंचवीस सिगार वाळवणासारखे उन्हात घातले. शेठाणीबाई दिवसातून दोनदा जाऊन ते उलटून यायच्या, कुरडया उलटाव्यात तसे. चौथ्या दिवशी काटा शेठच्या मनासारखा आला. मग आम्ही पेटवले. डॉक्टरांच्या तोंडातला सिगार सुरसुरीसारखा फुर्रकन जळत नाकापर्यंत आला आणि एक भुवई घेऊन गेला. ती भुवई अजून पूर्ण आलेली नाही, तिकडच्या बाजूनं ते कायम नवलात पडल्यासारखे दिसतात.

मामांनी मात्र पेटवला नव्हता. त्यांनी तो कानाजवळ नेला, दोन बोटांत हळूच फिरवला, आतली कुरकुर ऐकली आणि म्हणाले, "शेठ, ह्यो कापूस न्हाई. ह्याची जात इड्याच्या पानाची हाय. ओलाच पायजे. तुमी ह्याला मारून टाकलं."

त्या दिवसापासून मामा आमचे गुरू. पुढच्या पेट्या ओल्या वाळूत पुरलेल्या माठात, वर ओलं फडकं टाकून राहायला लागल्या.

बैठक शेठच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपटापाशी, लिंबाखाली. जिनिंगमध्ये बसणं शक्यच नव्हतं. तिथं कुणाच्या खिशात काडेपेटी सापडली तरी शेठ त्याला उभ्या उभ्या हाकलून द्यायचा. आखाड्यावर एक वेताची आरामखुर्ची होती. डोळ्याला उपरणं बांधून सिगारचा देश जो बरोबर ओळखील, त्याची ती खुर्ची. त्यालाच माठातून पहिला सिगार निवडायचा मान, त्यालाच अडकित्त्यानं पहिलं टोक कापायचा मान. सिगारवरची कागदी अंगठी काढून ठेवायचं आणि कुठला कोणता हे ध्यानात ठेवायचं काम माझ्याकडं, कारण मी मास्तर, मला परीक्षा घ्यायची सवय. मी बसायचो रंगाच्या रिकाम्या डब्यावर.

खुर्ची कायम मामांची. त्यांच्या नाकाबद्दल मी जे सांगीन ते कमीच पडेल. कापसाची मूठ हुंगून हा माणूस सांगायचा की माल सेलूचा की पाथरीचा, वेचणारीनं सकाळी डोक्याला तेल लावलं होतं की नाही, आणि लावलं असेल तर खोबऱ्याचं की शेंगदाण्याचं. एकदा त्यांनी उन्हाळ्यात नाक वर करून सांगितलं, "पेडगावात पाऊस पडायलाय, पर पाच मिन्टांत थांबंल." थांबला. बरं, हे सोडा. पण एक गोष्ट शेठही मान्य करायचा. जिनिंगमध्ये कधी कधी मशीनमधली एखादी ठिणगी रुईबरोबर गाठीत दाबली जाते आणि आतल्या आत चार-चार दिवस धुमसत राहते. वरून गाठ पांढरीशुभ्र. मग एक दिवस अचानक सगळं गोदाम. मामा रोज दुपारी हात पाठीमागं बांधून गाठींच्या रांगांतून फिरायचे आणि एखाद्या गाठीशी थांबून म्हणायचे, "हिला भाईर काडा." बाहेर काढून फोडली की आत निखारा. तीन वेळा त्यांनी जिनिंग वाचवली होती. म्हणून तर वय होऊन गेल्यावरही शेठनं त्यांना ठेवून घेतलं होतं. प्रत ठरवायला आता प्रयोगशाळा होत्या. मामा होते ते नाकासाठी.

आता माझं सांगतो. मला चवीचं काही कळत नाही. मला सगळे सिगार सारखे लागतात, जळालेल्या भाकरीसारखे. पण चारचौघांत बसल्यावर माणसाला बोलावंसं वाटतं. एका रविवारी मीही डोळे बांधून घेतले, दोन झुरके मारले आणि म्हणालो, "ह्यात मला मधाचा आणि जुन्या लाकडाचा भास होतोय." शेठनं तोंडातला सिगार काढला. मला वाटलं, जिंकलो. मग मामांचा आवाज आला.

"मास्तरच्या तोंडात जीभ न्हाई शेठ. डस्टर हाय."

डॉक्टर बाजेवरून खाली पडले. शेठचं पोट तर असं हललं की लिंबाच्या लिंबोळ्या गळाल्या. बाहेरून मीही हसलो. सोमवारी वर्गात गेलो तर फळ्यावर कुणीतरी जीभ बाहेर काढलेला मास्तर काढला होता, आणि जिभेच्या जागी डस्टर. डॉक्टरांच्या दवाखान्यातून शाळेपर्यंत शब्द यायला सेलूत एक दिवस लागतो. पुढची दोन वर्षं मी डस्टर होतो. स्टाफरूममध्ये, बसस्टँडवर, भाजी घेताना. बायकोसुद्धा आमटीत मीठ कमी म्हटलं की तोंडाला पदर लावायची.

मी मनात ठेवणारा माणूस आहे, आणि माझ्या मनात जागा भरपूर आहे.

मग कोरोना आला. मामा दवाखान्यात जाऊन आले, वाचले. बैठका बंदच होत्या. सगळं जरा सैल झाल्यावर एका सकाळी मी त्यांना भेटायला घरी गेलो. सून माहेरी गेलेली, मुलगा कामावर, मामा एकटेच खाटेवर पेपर वाचत बसलेले.

दारातच मला वासानं मागं ढकललं. तसा वास मी आधी कधी घेतला नव्हता, नंतरही नाही. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला गेली होती. आणि मामा चष्मा वर सरकवून म्हणाले, "या की मास्तर. उबे कामून? बसा."

मी नाकाला रुमाल लावून खाली वाकून बघितलं. खाटेच्या पायाशी, मामांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, उंदीर मरून पडला होता. आजचा नव्हता, कालचा नव्हता.

"मामा, तुम्हाला वास येत नाही?"

मामांनी खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. तोंडावरचा रंग असा उतरला, जणू कुणी मामांच्या तोंडावरच डस्टर फिरवलं.

"दाराला कडी घाला," ते म्हणाले.

मी कडी घातली. उंदीर, मी आणि मामा आत.

"तापात गेलं नाक. डॉक्टर म्हणले यील माघारी. सा म्हयने झाले. कायच न्हाई मास्तर. भाकर बी अन् पुठ्ठा बी येकच." ते हात जोडायला लागले तसे मी ते धरले. "शेटला कळालं तर मला घरी बशिवतील. पोराचं घर हाय ह्ये, मपलं न्हाई. कामावर जातोय म्हनून ताटावर बसू देतेत."

"आणि जिनिंगमध्ये? गाठी?"

"उद्या दाखिवतो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला जिनिंगमध्ये नेलं. गोदामाच्या कोपऱ्यात लपवून ठेवलेली हातभर लांबीची लोखंडी सळई काढली, एका गाठीत खोल खुपसली, शंभरेक आकडे मोजले, ओढून काढली आणि गालाला लावली. "गार." पुढची गाठ. "गार." सळई ते प्रत्येक गाठीत घालत नव्हते, आधी पंजा ठेवायचे, शंका आली तर सळई. डाव्या गालावर बारीक बारीक डागल्याच्या खुणा होत्या. त्या महिन्यात दोन निखारे त्यांनी असे पकडले होते. "नाकाला वास यायला धूर भाईर यावा लागतो," ते म्हणाले. "गालाला आतलं आदीच कळतंय. पर ह्ये शेटला कसं सांगू? त्येनी नाक ठिवलंय पगारावर."

हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं.

तर सिगारचं काय करायचं? बैठका आता परत सुरू होणार होत्या आणि मामा पहिल्याच दिवशी उघडे पडणार होते. युक्ती मीच काढली. कोणता सिगार कुठला हे मला माहीत असायचंच. मी एकदा खोकलो की क्यूबा, दोनदा खोकलो की निकाराग्वा, तीनदा डॉमिनिकन. नुसता घसा साफ केला की होंडुरास. कोरोनानंतर सगळं गावच खोकत होतं, संशय कोण घेणार?

"लय उपकार हुतील मास्तर," मामा म्हणाले.

"उपकार कसले मामा," मी म्हणालो. आणि मला जे सुख झालं ते मी तुमच्यापासून लपवत नाही. सेलूचं सगळ्यात नामांकित नाक आता माझ्या घशात होतं.

दीड वर्ष आम्ही तो तमाशा चालवला. मामा उपरणं बांधून बसायचे, धूर घ्यायचे, मान तिरकी करायचे आणि माझ्या खोकल्याची वाट बघायचे. मी मुद्दाम उशीर लावायचो. कधी कधी इतका, की त्यांच्या कपाळावर घाम यायचा आणि डॉक्टर विचारायचे, "मामा, आज अवघड जायलंय का?" मग मी खोकायचो. मामा मोठ्यानं श्वास सोडून म्हणायचे, "निकाराग्वा. खालची माती काळी, वरचं पान सावलीत वाडलेलं." टाळ्या पडायच्या. डब्यावर बसून मी त्या टाळ्या आपल्याच म्हणून मोजायचो.

माझी अपेक्षा एवढीच होती की आता तरी त्यांनी मला सांभाळून घ्यावं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर शेठचा मेहुणा स्वतः दुबईहून आला. पायात पांढरे बूट, मनगटावर भाकरीएवढं घड्याळ, आणि तिकडं सिगारच्या एका मंडळाचा मेंबर. त्याला शेठनं वर्षभर फोनवर मामांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आखाड्यावर आल्या आल्या त्यानं मामांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आणि हे?"

मी तोंड उघडणार तोच खुर्चीतून आवाज आला.

"ह्ये आमचे मास्तर. भूगोल लय पक्का. फक्त तोंडात जिभेच्या जागी डस्टर हाय."

मेहुणा हसला. शेठ हसला. डॉक्टर, एक भुवई वर, एक नाही, हसले. मामा हसत हसत माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत काही वाईट नव्हतं हे मला आज कळतं. त्यांना वाटलं असेल, पूर्वीसारखं बोललं म्हणजे पूर्वीसारखं दिसतं. पण माझ्या मनातल्या मोठ्या जागेत ते शब्द गेले आणि तिथं आधीच बसलेल्यांशेजारी जाऊन बसले.

मामांनी उपरणं बांधून घेतलं. मेहुण्यानं आणलेल्या पेटीतला पहिला सिगार मी अंगठी काढून त्यांच्या हातात दिला. निकाराग्वाचा होता. मी एकदाच खोकलो.

मामांनी सिगार बोटात फिरवला. परत फिरवला. कानाजवळ नेला. मी पुन्हा एकदा, स्पष्ट, एकच खोकला काढला.

"क्यूबा," मामा म्हणाले.

मेहुण्यानं अंगठी बघितली आणि शेठकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या. शेठ म्हणाला, "हुतंय. पाव्हण्यापुढं बिचकले आसतील. दुसरा द्या."

दुसरा क्यूबाचा होता. मी तीनदा खोकलो. मामांची बोटं त्या पानावरून इतक्या हळू फिरली, जणू तान्ह्या लेकराच्या पाठीवरून फिरताहेत. पेटवला, एक झुरका घेतला, आणि डोकं माझ्या बाजूला वळवलं. डोळे बांधलेले होते, पण बघत होते माझ्याकडंच. मी परत तीनदा खोकलो.

"डॉमिनिकन," मामा म्हणाले. आवाज खाली गेला होता.

"दाजी," मेहुणा शेठला म्हणाला, "हे तुमचे वर्ल्ड चॅम्पियन?"

इथं थांबायला पाहिजे होतं. झालं तेवढ्यात माझा हिशोब पुरा होत होता. पण एकदा दार उघडं सापडलं की आत किती खोल्या आहेत हे बघितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि मला त्यांच्या बोटांचा राग आला होता. बोटं अडखळत होती. बोटांना काहीतरी कळत होतं. म्हणून मी म्हणालो, "आता सिगार हातात द्यायचा नाही, तोंडातही नाही. मी पेटवून समोर धरतो. नुसता धूर. शुद्ध नाकाची परीक्षा."

"करा," शेठ म्हणाला. त्याला मेहुण्यापुढं आपल्या माणसाचं नाक वाचवायचं होतं.

बाजेवरच्या गादीचं एक टोक उसवलेलं होतं. मी त्यातून मूठभर कापूस ओढला, चिमट्यात धरला, काडी लावली आणि फुंकून ज्वाळ विझवली. कापूस तांबडा होऊन धुमसायला लागला. बाकीच्यांना ओठावर बोट ठेवून दाखवलं आणि चिमटा मामांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरला. जळका कापूस ज्यानं हुंगलाय त्याला तो वास जन्मात विसरता येत नाही. तीन वेळा हाच वास पकडून ह्या माणसानं जिनिंग वाचवली होती.

मी दोनदा खोकलो.

मामांनी छाती भरून धूर आत घेतला. त्यांच्या तोंडावर समाधान आलं, दोनदा चुकून शेवटी घर सापडल्यासारखं.

"ह्यो निकाराग्वाच," ते म्हणाले. "ओल्या मातीचा वास हाय. मागून कॉफी येती. अन् शेवटाला जरा गोडी, उसाच्या काकवीवानी. लय नामी पान हाय शेट. असं पान म्या जन्मात हुंगलं न्हाई."

डॉक्टरांनी तोंडात रुमाल कोंबला. मेहुणा पांढऱ्या बुटांसकट मातीत लोळला. मी चिमटा तसाच धरून उभा. मामा उपरण्याखाली हसत होते. त्यांना वाटलं, ही वाहवा चाललीय. ते पुढं म्हणाले, "सांगू का, आजून काय काय हाय ह्याच्यात?"

"सांगा, सांगा," मी म्हणालो.

आणि ते सांगत राहिले. जायफळ, जुनं चामडं, पावसाळ्यातला लाकडी पेटारा. सगळं मीच त्यांना दीड वर्षांत इंटरनेटवरून वाचून शिकवलं होतं.

हसत नव्हता तो एकटा शेठ. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. तो उठला, मामांच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, उपरणं सोडा."

मामांनी सोडलं. समोर चिमटा, चिमट्यात जळका कापूस. त्यांनी तो बघितला. मग मला बघितलं. मी चिमटा खाली केला.

"किती दिवसांपासून?" शेठनं विचारलं.

"कोरोनापासून."

"माझ्या हजारो गाठी हायत आत. अन् तुमी नाक नसताना फिरायलाव?"

"शेट, म्या दुसऱ्या तऱ्हेनं बघतो... ह्या मास्तरला इचारा. मास्तरला ठावं हाय. सांगा की मास्तर. सळईचं सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एकच वाक्य लागलं असतं: शेठ, ह्यांचा गाल नाकापेक्षा खरा आहे, चला दाखवतो. पण ते बोललो असतो तर पुढं लगेच विचारलं गेलं असतं, मास्तर, तुम्हाला कधीपासून माहीत? आणि मग खोकल्याचंही निघालं असतं, आणि दीड वर्षाच्या टाळ्या, आणि आजचं.

"कसली सळई?" मी म्हणालो.

मामांनी उपरण्याची घडी केली. चार पदरी, नीट, काठाला काठ. खांद्यावर टाकली आणि आखाड्यावरून गावाकडं चालत निघाले. शेठनं गाडीनं सोडतो म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता खुर्चीचं काय?" मी जाऊन बसलो. खुर्ची अजून गरम होती.

दुसऱ्या दिवशीपासून मामांना घरी बसवलं. शेठनं धूर ओळखणारं मशीन आणलं. ते रुईच्या धुळीनं दिवसभर ओरडायचं म्हणून आठवड्यात बंद करून ठेवलं. आता जिनिंगला आग लागली असं मी सांगितलं असतं तर गोष्टीला शोभलं असतं. पण लागली नाही. एवढ्या थापा मारतो, ती एक मारवत नाही. जिनिंग मजेत आहे, शेठ मजेत आहे, आणि मामांची गरज कुणाला कधी पडलीच नाही. मला वाटतं, त्यांच्यासाठी आगीपेक्षा हे वाईट होतं. मुलाच्या घरी ते महिनाभर टिकले. मग राणीसावरगावला लेकीकडं निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात मी एका लग्नाला राणीसावरगावला गेलो. खिशात मुद्दाम एक सिगार घेतला होता, अंगठी काढून. कशासाठी घेतला ते मला विचारू नका. लेकीच्या दारात मामा घोंगडीवर बसून शेंगा फोडत होते. जरा वाळले होते. गालावरचे डाग मिटत आले होते.

"या मास्तर," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो. सिगार पुढं केला. त्यांनी हात पुसून घेतला, कानाजवळ नेऊन फिरवला, अंगठ्यानं पानाची शीर चाचपली.

"निकाराग्वा."

बरोबर होतं. मी मान हलवली.

"त्या दिवशी बी पैला निकाराग्वाच हुता," मामा म्हणाले. "अन् दुसरा क्यूबा. बोटं सांगायली हुती. पर तुमी खोकलाव. म्हणलं, बोटं म्हातारी झाली आसतील. मास्तर कशाला खोटं खोकतील."

त्यांनी एक शेंग फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. मी ते तोंडात टाकले. काहीतरी बोलायचं म्हणून घाईनं गिळायला गेलो, एक दाणा घशात गेला आणि मला ठसका लागला. खरा ठसका. डोळ्यांत पाणी आलं, छाती दुखायला लागली, खोकला थांबेना. लेक आतून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मामांनी हात आडवा करून तिला दारातच थांबवलं.

"येक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार. पाच."

मी घोंगडीवर हात टेकून खोकत होतो.

"सा झाले मास्तर," मामा म्हणाले. "ह्यो कोन्ता देश?"